पिवळ्या पत्रकावरची तीन नावं

तुमच्या घरातलं माणूस आखातातून फोन करतं, तेव्हा ‘जेवलास का’ याच्या पुढे तुम्ही त्याला काय विचारता?

माझी बहीण पुढे काहीच विचारायची नाही. दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, दाजींचा व्हिडिओ कॉल यायचा. बहीण फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा करायची, समोर गवारीच्या शेंगा मोडत बसायची आणि सुरू करायची.

“जेवलात का?”

“जेवलो की.”

“काय केलं होतं?”

“आमटी-भात. आज माझी पाळी व्हती.”

“मीठ नीट पडलं का?”

“एकानं मराठीत शिव्या दिल्या, एकानं कानडीत. पर ताटं दोघांचीबी रिकामी झाली. म्हंजी पडलं असंल नीट.”

शिव्या देणारे ते दोघं दाजींच्या खोलीतले. एक सांगोल्याकडचा, घरी मेंढरं असलेला. दुसरा अक्कलकोटच्या पलीकडचा, अर्धा कानडीत बोलणारा. तिघंही एकाच बांधकामावर सळई बांधायला होते. मिठावरून बोलणं कांद्यावर जायचं, कांद्यावरून करकंबच्या सासूच्या गुडघ्यावर. अर्धा तास सरायचा. ज्या कामासाठी तो माणूस समुद्रापलीकडे गेला होता, त्या कामाबद्दल एक शब्द निघायचा नाही. मी शेजारी बसून धुमसत असायची. दाजींना ते दिसायचं.

“द्या, द्या, पुढारीणबाईला फोन द्या,” ते म्हणायचे, “न्हायतर तितंच मोर्चा निघंल.”

मी फोन घ्यायची आणि विचारत सुटायची. सकाळी बस किती वाजता येते? प्यायचं पाणी कुठे ठेवतात? ऊन वाढलं की काम थांबतं का? कुणी चक्कर येऊन पडलं तर काय करतात? बहीण हातातली शेंग तशीच धरून माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, हिला खरं ऐकायचंच नाही. घाबरट आहे. तेव्हा मी तिच्याबद्दल काय काय ठरवून बसले होते ते आठवलं, की आता नुसता शीण येतो.

मी अशी का होते ते सांगायला हवं. आमचे वडील सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका छापखान्यात मशीनवर होते. रंग सरकलेली, शाई पसरलेली, वाया गेलेली पत्रकं ते घरी आणायचे. कुंभारीतल्या आमच्या घरात, जे आईला विडीकामगार म्हणून मिळालं होतं, वह्या क्वचितच विकत आणल्या गेल्या. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अभ्यास केला आणि छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. पहिलीत बाईंनी ‘ज’ वरून शब्द विचारला तेव्हा बाकीच्या मुली जग आणि जहाज म्हणाल्या. मी म्हणाले, जाहीर निषेध. बाईंनी वडिलांना शाळेत बोलावलं होतं.

वडील कुठलाही कागद खालून वर वाचायचे. “आधी कोण म्हणतंय ते बघावं, मग काय म्हणतंय ते,” असं त्यांचं होतं. पत्रकाखाली नावं हवीत, पूर्ण हवीत, गावासकट हवीत. नाव नसलेल्या कागदाला ते बेवारस म्हणायचे. एकदा एका सोसायटीच्या भांडणातलं बिननावाचं पत्रक छापायला आलं. वडिलांनी मशीन बंद केलं आणि मालकाला सांगितलं, खाली नाव येऊ द्या, मग शाई लावतो. गिऱ्हाईक निघून गेलं, मालक आठवडाभर बोलला नाही. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की शेवटी ती गोष्ट उरलीच नाही, घरचा नियम झाली.

दाजींचं मूळ काम इथलंच. करकंबला थोडी जमीन, पण ते शेतात फारसे रमले नाहीत. पंढरपुरात एका पुलाच्या कामावर सळई बांधायला शिकले, मग सोलापुरात अपार्टमेंटच्या कामांवर आले. हातात लोखंडी आकडी, कमरेला तारेचं भेंडोळं. दोन सळया जिथे एकमेकींवरून जातात तिथे तार घालून आकडीनं दोन पिळे द्यायचे, तिसरा दिला की तार तुटते. दिवसभर वाकून हेच. लग्नानंतर एकदा त्यांनी मला आणि बहिणीला सात रस्त्याच्या पुढची एक इमारत दाखवायला नेलं होतं. आम्ही काचा बघत होतो, रंग बघत होतो.

“ह्यात तुमी काय केलंय?” बहिणीनं विचारलं.

“त्ये तुला दिसायचं न्हाय.”

“मग दाखवायला कशाला आणलं?”

“माझं काम ज्या दिवशी दिसंल, त्या दिवशी इमारत पडलेली असंल,” दाजी म्हणाले आणि स्वतःच्या बोलण्यावर इतके खूश झाले की आम्हाला उसाचा रस पाजला.

करकंबच्या त्यांच्या घराचा पहिला मजला त्यांनी स्वतः बांधत आणला होता. वर सळया तशाच उभ्या ठेवल्या होत्या, पुढच्या मजल्यासाठी. त्यासाठीच ते तिकडे गेले. बहीण तोवर आमच्याकडे कुंभारीला राहायला आली. कुठल्या देशात गेले ते लिहीत नाही. आमच्याकडे तसंही सगळ्या आखाताला दुबईच म्हणतात.

तर माझ्या प्रश्नांना दाजी हळूहळू उत्तरं द्यायला लागले. बहिणीसमोर नाही. शुक्रवारी कपडे धुताना ते फोन जवळ ठेवून मला आवाजाचे निरोप पाठवायचे. मागे नळाचा आवाज, बादलीचा आवाज, मधे कुणाला तरी “साबण ठेव तितं” असं ओरडणं. मी ते ऐकून वहीत उतरवून घ्यायची. एक निरोप मला अजून जसाच्या तसा आठवतो.

“तुझं खरं हाय. हितं उन्हाळ्यात दुपारी उगड्यावर काम घ्यायचं न्हाय, असा नियमच हाय. कागदावर लावलाय गेटला, चार भाषांत. आमाला दुपारी उगड्यावर ठेवतच न्हाईत की. खाली तळघरात घालत्यात. वर छत आलंय, म्हंजी ती सावली. तपासायला मानूस येतो, वर बघतो, वर कुणीच न्हाय. खूश होऊन जातो. खाली वारं न्हाय, काय न्हाय. वरचं काँक्रीट तापलेलं, सळई गार होत न्हाय. काल त्यो मेंढरंवाला म्हनला, आमच्या मेंढ्यासुदिक अशा जागी बसत न्हाईत. पान्याची टाकी वर हाय. तीन जिने. म्हनून लोकं पानीच पीत न्हाईत.”

शेवटी हसून म्हणाले, “लिवून घेतलंस का? शुद्धलेखन बघ.”

मी त्या रात्रीच लिहायला बसले असं म्हणायला छान वाटलं असतं. खरं तर आठ दिवस नुसती चिडचिड केली, आणि मग एका दुपारी बहीण झोपलेली असताना एका बैठकीत लिहून काढलं. मथळा दिला: ‘सावलीच्या नावाखाली भट्टी!’ मागणी साधी होती. परदेशी बांधकामावर जाणाऱ्यांना करार त्यांच्या भाषेत वाचून दाखवणारं, आणि तिथून तक्रार आली तर ती नोंदवून घेणारं एक टेबल आपल्या जिल्ह्यात असावं. मराठी, कानडी, तेलुगू जाणणारा एक माणूस त्या टेबलामागे असावा. बस्स.

मजकूर झाला आणि मी थांबले. खाली नावं कुणाची?

मी दाजींना विचारलं होतं, एवढं खरं. “तुमचं नाव घालू का? आणि त्या दोघांचं?”

“घाल की,” ते म्हणाले, “लग्नपत्रिकेत घालताव तसं घाल. सकुटुंब सहपरिवार.”

मागे दोघांचं हसणं ऐकू आलं. दाजींनी सात रस्त्यावर वाटली जाणारी पत्रकं सोलापुरात आल्यापासून बघितली होती. सकाळी हातात येतात, दुपारी त्यात भजी बांधली जातात. त्यांच्या डोक्यात तेवढंच होतं. आणि मी ज्या घरात वाढले तिथे नाव घालायचं म्हणजे अर्धवट घालतच नाहीत. पूर्ण नाव, गाव, तालुका. विश्वास बसावा म्हणून मी पुढे कामाचं ठिकाणही घातलं, आणि राहण्याच्या कॅम्पमधला खोली क्रमांक. तिघांचाही. ठळक अक्षरांत. छापून झाल्यावर वडिलांना दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. त्यांनी कागद जवळ नेला, खालून वर वाचायला सुरुवात केली आणि म्हणाले, “नावं हायत. बरं हाय.” मोठी अक्षरं तेवढी त्यांना दिसली होती.

पाचशे पिवळे कागद आम्ही पाच-सहा जणांनी सात रस्त्यावर वाटले. लोकांनी घेतले. काहींनी वाचले. एका रिक्षावाल्यानं वाचून मला चहा पाजला, त्याचा भाऊ तिकडेच होता. चहावाल्यानं एक प्रत शेगडीमागच्या भिंतीला चिकटवली. मला वाटलं, झालं, आपण काहीतरी केलं.

सहाव्या दिवशी, मंगळवारी, दाजींचा फोन आला. बहीण पोळ्या करत होती. फोन वाजला, तिनं नाव बघितलं आणि आधी गॅस बंद केला. मंगळवारी फोन येण्याचं काहीच कारण नव्हतं. कानाला लावून ती नुसती “हं... हं...” करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू काय छापलंस?”

तिकडे काय झालं ते दाजींनी घरी आल्यावर सांगितलं. आठवड्याच्या आत ते घरी आले होते. दारातल्या पायरीवर बसून, पायातले बूट न काढताच, त्यांनी सांगितलं. अगदी एखाद्या दुसऱ्याची फजिती सांगावी तसं.

“हाफिसात बोलावलं तिघांना. सायबाच्या फोनात तुजं पत्रक. पिवळं धमक. स्टोअरला एक मानूस हाय आपल्याकडचाच, त्याला वाचाय लावलं. त्यो बिचारा हिंदीतनं सांगतोय. तू कुटंतरी ‘मुर्दाड व्यवस्थापन’ लिवलंयस न्हवं? तितं अडकला गडी. मुर्दाडला हिंदी सापडंना. शेवटी म्हनला, साब, ये बोल रही है कि आप लोग बहुत बिझी हो.”

वडील हसले. मी हसू शकले नाही. बहीण आतल्या खोलीत होती.

“मग?”

“मग काय. इचारलं, ही नावं तुमचीच का? खोली नंबर बराबर हाय म्हनल्यावर न्हाय कसं म्हनायचं? मी म्हनलो, माझं हाय. मेव्हणीनं लिवलंय, मी सांगितलंय. ह्या दोघांना ह्यातलं काय ठाव न्हाय, नावं मीच दिली. त्ये दोघं काय बोलनार, मी आदीच पाय दाबला व्हता एकाचा.”

“त्यांना ठेवलं?”

“ठेवलं. मला म्हनले, सामान बांद.”

त्यांना पुढच्या महिन्यात चार्जहँड करणार होते. म्हणजे दहा-बारा माणसांच्या टोळीचा मुख्य. नकाशा हातात घेऊन उभं राहायचं, दिवसभर वाकायचं नाही. हे त्यांनी सांगितलं नाही. हे बहिणीनं मला नंतर सांगितलं, भांडी लावता लावता, माझ्याकडे पाठ करून. आणि त्याच्यापुढे तिनं जे सांगितलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

“तुला वाटायचं मला काय कळत नाही,” ती म्हणाली. “आंघोळ करून, भांग पाडून फोनवर यायचे. तरी मानेवरचं घामोळं दिसायचं. ओठ फुटलेले दिसायचे. मी विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं. एकदा तोंडानं सांगितलं की शनिवारी परत त्याच जागी उतरायचं जड जातं. म्हणून मी मिठाचं विचारायची.”

मी म्हणाले, “पण ते खरं होतं, आक्का. एक शब्दसुद्धा खोटा नव्हता.”

“मग? मी कुठं खोटं म्हणाले?”

वडिलांचं ऑपरेशन त्यानंतर झालं. दृष्टी आल्यावर त्यांनी ते पत्रक मागून घेतलं आणि नीट वाचलं.  मला वाटलं मजकुराबद्दल बोलतील.

“तुजं नाव कुटाय?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, मी फक्त लिहिणारी. भोगणारे ते आहेत, म्हणून नावं त्यांची.

“खाली नाव घालायचं म्हंजी आपलं घालायचं,” ते म्हणाले. “मी मशीन बंद केलं तवा नोकरी माझी जानार व्हती. मालकाची न्हाय.”

इतकंच. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि उशाखाली ठेवला. मला रागवले असते तर बरं झालं असतं.

दाजी करकंबला गेले नाहीत. गावात सगळे विचारणार, का आलास. कुंभारीच्या रस्त्याला एक गृहप्रकल्प चालू होता, तिथे लागले. मी एकदा दुपारी डबा द्यायला गेले. सोलापूरचा एप्रिल. ते तिसऱ्या मजल्याच्या उघड्या स्लॅबवर सळई बांधत होते, डोक्याला ओला पंचा. मी त्यांना म्हणाले की आता परत जाऊ नका, कशाला त्या भट्टीत.

“आन् ही काय हाय? आइस्क्रीमचं दुकान?” त्यांनी डबा उघडला. “तितं नियम मोडत्यात. हितं मोडाया नियमच न्हाय. तुजं पुढचं पत्रक हितलं काढ. पर माझं नाव नको, बाई.”

त्यांना परत जायचंच होतं. घराच्या मजल्यासाठी, आणि मला वाटतं, त्या चार्जहँडच्या जागेसाठीही. मुंबईला जाऊन त्यांनी दुसऱ्या देशातल्या कामासाठी चाचणी दिली. तिथे समोर सळया ठेवतात, नकाशा देतात, ठरलेल्या वेळात पिंजरा बांधून दाखवायचा. दाजींनी वेळेच्या आधी बांधला. तपासणाऱ्यानं त्यावर उभं राहून पाहिलं, एक गाठ सुटली नाही. चार दिवसांनी एजंटानं फोन करून विचारलं, “हे पिवळ्या कागदावरचे तुम्हीच का?” त्याला ते कुणीतरी पाठवलं होतं. काम गेलं.

तेव्हा मला कळलं की पाचशे कागदांचं काही नव्हतं. ते खरंच भज्यांत गेले. राहिला तो फोटो. कुणीतरी वाटपाच्या दिवशी काढलेला, खालची तीन नावं अगदी स्वच्छ दिसणारा. तो गावोगावच्या ग्रुपवर फिरत होता, आणि फिरण्याचं कारण माझा मजकूर नव्हता. खाली गावांची नावं होती. आपल्या गावचा माणूस, आपल्या तालुक्याचा माणूस परदेशात कंपनीविरुद्ध बोलला, याचा लोकांना अभिमान होता.

मग मी जे पत्रक वाटायला एक सकाळ घालवली होती, ते पुसायला फिरू लागले. त्याला आता वर्ष होऊन गेलं. माझ्याइतकी पायपीट पत्रकं वाटणाऱ्यानं केली नसेल.

सात रस्त्याच्या चहावाल्याकडची प्रत तेलानं आणि धुरानं भिंतीला इतकी बसली होती की सोलता येईना. “राहू द्या ना ताई, दिसतंय कुठं आता,” तो म्हणाला. दिसत होतं. मी त्याच्याकडून चमचा घेतला आणि उभं राहून खालच्या तीन ओळी खरवडल्या. गिऱ्हाइकं चहा पीत बघत होती. कुंभारीत शेजारच्या मावशींनी विडी वळता वळता फोन माझ्याकडे सरकवला, “मला नाही येत, तूच काढ.” त्यांच्या फोनात नातवाचे चाळीस फोटो, बालाजीचे तीस, आणि मधे आमचं पत्रक. काढताना नातवाचा एक गेला. अजून बोलत नाहीत नीट.

करकंबला एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांच्याकडे दोनदा गेले.

“खोडायचं कशाला? किती तळमळीनं लिहिलंय! पंधरा ऑगस्टला मी भाषणात वाचून दाखवलं.”

“नावांसकट, सर?”

“नावांसकट! आपल्या गावचा पोरगा म्हटल्यावर टाळ्या पडल्या. तुमच्या सासूबाईंना... म्हणजे बहिणीच्या हो... पुढे बसवलं होतं.”

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “पण बाळ, असं घाबरून कसं चालेल? तूच असं म्हणायला लागलीस तर?” हे वाक्य माझंच होतं. वर्षभरापूर्वी मी हे कुणालाही ऐकवलं असतं. मी त्यांना म्हणाले, सर, घाबरायचं की नाही हे दाजींनी ठरवायचं, आपण दोघांनी नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी फोन पुढे केला. पण ग्रुपवर टाकलेलं ते परत घेता येत नव्हतं. मुदत गेली होती. त्या ग्रुपवरच्या एकेकाची यादी घेऊन मी घरी आले.

सगळ्यात वाईट उन्हाळ्यात होतं. तिकडच्या उन्हाची बातमी आली की कुणालातरी ते पत्रक आठवतं आणि ते पुन्हा सुरू होतं. मागच्या आठवड्यात मला स्वतःलाच आलं. एका अनोळखी नंबरवरून. खाली लिहिलं होतं: जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.

त्या पत्रकातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही. तळघराला सावली म्हणणं ही लबाडी आहे, आणि आपल्या जिल्ह्यात ते एक टेबल अजून लागलेलं नाही. तीच मागणी मी नव्यानं लिहिली आहे. पांढऱ्या कागदावर, कुणाच्या कॅम्पचा आणि खोलीचा पत्ता न देता, आणि खाली फक्त माझं नाव घालून. ते तुम्हाला मिळालं तर खुशाल फिरवा, भिंतीवर लावा, भाषणात वाचा, माझ्या गावासकट वाचा.

पिवळ्याचं मात्र वेगळं आहे. दाजींनी गेल्या महिन्यात पुन्हा चाचणी दिली. दुसरा देश, दुसरा एजंट, आणि या वेळी पहिल्या दिवसापासून चार्जहँडची जागा. पिंजरा पसंत पडलाय. कागद पुढे गेलेत. पासपोर्ट एजंटाकडे आहे. पुढचे काही आठवडे त्यांचं नाव कुठे कुठे तपासलं जाईल. बहीण शुक्रवारी कुणाचा फोन येणार नाही हे माहीत असूनही फोन चार्जिंगला लावून ठेवते. आणि सांगोल्याचा तो मेंढरंवाला आणि अक्कलकोटचा तो कानडीवाला, दोघं अजून तिथेच आहेत, त्याच खोलीत, त्याच क्रमांकाच्या.

माझी विनंती एवढीच. हे वाचणं बाजूला ठेवा आणि फोन घ्या. ‘सावलीच्या नावाखाली भट्टी!’ या मथळ्याचा पिवळा कागद त्यात शोधा. फोटोंमध्ये बघा, गावच्या ग्रुपवर बघा, ज्यांना तुम्ही पुढे पाठवला असेल त्यांच्या नावापुढे बघा. सापडला तर पुसा, आणि ज्याच्याकडून आला होता त्यालाही फोन करून पुसायला सांगा.